रॅम स्लॉटमध्ये बसली, पण कॉम्प्युटर सुरू झाला नाही

आमच्या डेस्कटॉपमध्ये ८ जीबी रॅम होती, ४-४ च्या दोन स्टिक. ब्राउझर आणि एखादी मोठी एक्सेल फाइल एकदम उघडली की माउससुद्धा अडकायचा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसायची. रॅम वाढवायला हवी हे मला बरोबर कळलं होतं. घोळ झाला तो घेताना.

विक्रेत्याला मी म्हटलं, "डीडीआर४ आहे, १६ जीबी करायची आहे." (डीडीआर४ ही रॅमची एक पिढी.) मदरबोर्ड कुठला, प्रोसेसर कुठला, स्लॉट किती, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. मला वाटलं, माणूस जाणकार आहे. "१६ ची एकच स्टिक घ्या, नामांकित कंपनीची आहे. जुन्या दोन मला द्या, तेवढे पैसे कमी करतो." मी जुन्या स्टिक काढून दिल्या.

नवी स्टिक खटकन बसली, खाचही जुळली. बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. बोर्डावरचा मेमरीचा लाल दिवा विझेना. स्लॉट बदलून पाहिले, सोनेरी पिना पुसल्या, बोर्डाची बॅटरी काढून परत घातली. काही फरक नाही.

फोन केला तर उत्तर तयार होतं: "बोर्ड जुना आहे, बायोस अपडेट करा." बायोस म्हणजे बोर्डातला, कॉम्प्युटर सुरू करून देणारा प्रोग्राम. रॅमशिवाय स्क्रीनच येत नसेल तर तो कसा उघडणार? दोन दिवसांनी सूर बदलला: "बोर्डच गेलाय, नवा टाका." आणि इथे मी पुरता अडकलो. बोर्ड ठीक आहे हे दाखवायला चालणारी एक तरी रॅम हवी, आणि त्या दोन्ही स्टिक त्याच्याकडे. बदल्यात जुनं घेणं ही मला सवलत वाटली होती. प्रत्यक्षात माझ्या हातातला एकमेव पुरावा त्याने काढून घेतला होता. चार दिवस मी नव्या बोर्डांचे भाव बघत बसलो, हे आठवलं की अजून राग येतो.

सर्व्हर सांभाळणारा एक मित्र स्वतःची स्टिक घेऊन आला. ती लावताच कॉम्प्युटर सुरू झाला. मग त्याने माझी स्टिक उजेडात धरली आणि चिपा मोजायला लावल्या. दोन्ही बाजू मिळून ३६, शिवाय मधोमध एक वेगळीच चिप. घरगुती रॅमवर चिपा बहुतेक ४, ८ किंवा १६ असतात. ९ च्या पटीत निघाल्या तर चुका दुरुस्त करणारी, म्हणजे ईसीसी रॅम असण्याची दाट शक्यता. मधली चिप म्हणजे रजिस्टर. प्रोसेसरकडून येणारे आदेश आधी तिच्याकडे जातात आणि ती ते बाकीच्या चिपांना देते. सर्व्हरमध्ये भरपूर रॅम लावायची असते, म्हणून ही सोय. साध्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरला आणि बोर्डाला ही पद्धत चालत नाही. डीडीआर४ मध्ये मात्र दोन्ही प्रकारांना २८८ पिना आणि खाच त्याच जागी, त्यामुळे बसते अगदी बरोबर. कुठल्या तरी जुन्या सर्व्हरमधून काढलेला माल मला नवा म्हणून दिला होता.

सगळं स्टिकरवर छापलेलं होतं, हेच जास्त लागतं. 'पीसी४' ने सुरू होणाऱ्या ओळीत वेगाच्या आकड्यानंतर (त्याला चिकटून एखादं अक्षरही असतं) आडवी रेघ असते. त्या रेघेनंतरचं पहिलं इंग्रजी अक्षर बघायचं. यू असेल तर साधी डेस्कटॉपची, एस म्हणजे लॅपटॉपची, आर म्हणजे रजिस्टर्ड. माझ्या स्टिकवर आर होता. गेमिंगच्या रॅमवर ही ओळ बऱ्याचदा नसते. तिथे मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघावा. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये 'अनबफर्ड' (म्हणजे रजिस्टर नसलेली) हा शब्द असतो, कमाल किती जीबी चालते तेही असतं. माझ्या मॅन्युअलमध्येही होतं. मी ते उघडलं नव्हतं.

परत द्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "माल चालू आहे, तुमच्या बोर्डात चालत नाही त्याला मी काय करू?" स्टिक सर्व्हरमध्ये चालेलही, आणि बिलावर फक्त 'रॅम १६ जीबी' लिहिलेलं. जुन्या स्टिक मागितल्या, तर त्या विकून झाल्या होत्या.

दुसऱ्यांदा घेताना ८-८ ची जोडी घेतली. दोन्ही चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही मार्ग, वापरात येतात, त्यामुळे एकाच १६ पेक्षा ती बरी. बिलावर 'डीडीआर४, अनबफर्ड, डेस्कटॉप' आणि 'न चालल्यास परत' असं लिहून घेतलं. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. सकाळी उठून आधी चुकांचा रकाना पाहिला. शून्य.