'प्रेक्षक कोट्या'तून हॉट सीट: माझे १८,५०० रुपये गेले

क्विझ शोच्या 'प्रेक्षक कोट्या'तून थेट हॉट सीटवर बसवतो असं कुणी म्हणालं, तर तिथेच फोन ठेवा. असा कोटा नसतो.

पंचवीस लाखांची लॉटरी, ओटीपी, लिंक, असल्या प्रकारांना मी कधीच बधलो नाही. पण मला फोन करणाऱ्या या एजंटने अर्धं खरं सांगितलं. अमेरिकेत 'द प्राइस इज राइट' या टीव्ही गेम शोमध्ये खरोखरच प्रेक्षकांतून स्पर्धक घेतात. शूटिंगआधी निर्माते रांगेतल्या लोकांशी बोलून नावं ठरवतात. हे मला आधीच माहीत होतं. 'आता आपल्याकडेही सुरू झालंय,' म्हणाला. कुणालाही पटलं असतं! तिथलं तिकीट फुकट असतं, एवढंच त्याने गाळलं.

रजिस्ट्रेशनचे १,५००. 'प्रोफाइल शूट'चे ५,०००. सीट कन्फर्म करायचे १२,०००. या शेवटच्या वेळी क्यूआर स्कॅन केला आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. चॅनेलचं नाही, कंपनीचं नाही, कुणा बाईचं. मी विचारलंसुद्धा. 'अकाउंटंट मॅडम आहेत सर, जीएसटीमुळे कंपनीचं खातं होल्डवर आहे.' मागे ऑफिसचे फोन वाजत होते, टायपिंग ऐकू येत होतं. ते नाव आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. स्क्रीनवरचं नाव जुळलं नाही तर पिन टाकू नका, समोरचा काहीही सांगो.

'कौन बनेगा करोडपती'त रजिस्ट्रेशनचा प्रश्न, मग फोन, ऑडिशन, मग फास्टेस्ट फिंगर. यात एजंट कुठेच नाही.

आणि पोलीस! 'स्वतःच्या हाताने पाठवलेत ना, मग फसवणूक कशी?' हा ठाण्यातला पहिला प्रश्न. मग रक्कम छोटी. मग हद्द आमची नाही. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. हे बोलल्यावर मला सायबरकडे पाठवलं, सायबरने परत ठाण्यात. बँकेचं एकच पालुपद: 'पिन तुमचाच आहे.' मग आम्ही दाद मागायची कुणाकडे?

पैसे गेले की आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, ठाणं नंतर. पैसे खात्यातून काढले जायच्या आत अडवता येतात. चॅट पुसू नका. यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, लिहून ठेवा.

त्याचा नंबर अजून चालू आहे. स्टेटसला नव्या सीझनच्या 'प्रेक्षक कोट्या'ची जाहिरात आहे.