ॲसिडिटीची तपासणी: नाकातून नळी की बिनतारी कॅप्सूल?

हृदयाचं काही नाही हे कळलं, एन्डोस्कोपी जवळपास नॉर्मल आली, महिनोन्‌महिने रिकाम्या पोटी गोळी घेऊन झाली, आणि तरी छातीतली जळजळ जात नाही. इथवर आलेल्या माणसाला डॉक्टर पीएच तपासणी लिहून देतात. नळीची करायची की कॅप्सूलची, हे पुष्कळदा आपल्यावरच सोडतात. मी आधी नळीची केली, पुढच्या हंगामात कॅप्सूलची. शोधायचं दोन्हींत एकच असतं: अन्ननलिकेतला पीएच दिवसभरात किती वेळ ४ च्या खाली जातो. पीएच म्हणजे आम्ल मोजायचं माप; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त.

नळी घालताना त्रास होतो असं सगळे सांगतात. मला तो फारसा झाला नाही. नाकात बधिर करणारी जेली लावतात, पाण्याचे घोट घेत नळी गिळायची, एवढंच. भूल नाही, त्यामुळे लगेच उठून चालता येतं. खरी अडचण त्यानंतरच्या चोवीस तासांची आहे, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

माझं गाव पांढरकवड्याच्या बाजूला. तपासणी नागपूरला. नळी दुसऱ्या दिवशी काढायची, म्हणून मुक्काम लॉजवर. गालावर चिकटपट्टी, कानामागून वायर, खांद्याला नोंद घेणारा डबा. खाली चहाला गेलो तर टपरीवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन जी, नाकात नळी कायची?" त्यानंतर खोलीतून बाहेर पडावंसं वाटलं नाही. प्रत्येक घासाला नळी घशाला घासायची, म्हणून वरणभात, तोही अर्धा. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रोजच्यासारखं खा, रोजच्यासारखं वागा. पण भाकर नाही, ठेचा नाही, वाकणं नाही, पलंगावर बसून टीव्ही पाहणं. हा माझा रोजचा दिवस कसा होईल?

माझी जळजळ येते ती कापूस वेचताना. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तशी पोटावर दाबत जाते, आणि माणूस सकाळपासून वाकलेला. दुसरी वेळ ओलिताची. शेतीची लाइट रात्रीची असली की जेवण उशिरा होतं आणि जेवल्याबरोबर वावरात जाऊन पाणी फिरवावं लागतं. दांड फोडायला वाकलं की आंबट पाणी थेट घशाशी. यातलं काहीच लॉजच्या खोलीत घडणार नव्हतं.

रिपोर्ट आला तो अधांतरी. ल्योन सहमती या नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. आम्लाचा वेळ, म्हणजे पीएच ४ च्या खाली राहण्याचा वेळ, एकूण वेळेच्या ४ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ६ टक्क्यांच्या वर असेल तर आजार नक्की. माझा आकडा मधला. मशीनने चूक केली असं मी म्हणत नाही. समोर जो दिवस आला तो तिने इमानदारीने मोजला.

कॅप्सूलसाठी हैदराबाद गाठलं. आमच्याकडच्या लोकांना तो रस्ता परका नाही. ही कॅप्सूल गिळायची नसते, एन्डोस्कोपी करतानाच ती अन्ननलिकेत आतून चिकटवतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी गुंगीचं औषध देतात आणि सोबत माणूस लागतो. रात्रभर तिथेच थांबलो, दुसऱ्या दिवशी घरी. नोंद ९६ तासांपर्यंत घेता येते, म्हणून पुढचे दिवस गावातलेच मिळाले. चेहऱ्यावर काही नाही, त्यामुळे कोणी विचारायचा प्रश्न नाही. रेकॉर्डर, म्हणजे कॅप्सूलकडून बिनतारी नोंद घेणारा डबा, अंगावर किंवा हाताच्या अंतरावर ठेवायचा, एवढं एक पथ्य. आंघोळीच्या वेळी तो मोरीबाहेर स्टुलावर असायचा. वावरात ओटीच्या वर, छातीशी पाऊच बांधला. आंबट पाणी वर आलं की त्याचं बटण दाबायचं. जेवणाची आणि आडवं पडण्याची वेळ लिहायला मुलाची जुनी वही घेतली. माझे हात कापसात, म्हणून सौभाग्यवती मोबाइलमध्ये वेळ पाहून टिपून ठेवायच्या. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटा, खाणाऱ्याने त्याचीही वेळ लिहावी, लाजू नये.

आलेख पाहिला तेव्हा हैदराबादचा दिवस जवळजवळ शांत होता, लॉजच्या दिवसासारखाच. वेचणीच्या दिवशी दुपारपासून रेघ पुन्हा पुन्हा खाली येत होती, आणि ओलिताच्या रात्री तर बराच वेळ खालीच राहिली. एकाहून जास्त दिवशी आम्लाचा वेळ ६ टक्क्यांच्या वर गेला. नव्या निकषांत दोन किंवा अधिक दिवस असं आलं की निदान पक्कं धरतात. मग गोळी का, किती आणि जेवणाआधी केव्हा, हे डॉक्टरांनी पहिल्यांदा ठामपणे सांगितलं.

कॅप्सूल सगळ्यांना मानवेल असं नाही. सुरुवातीला कोरड्या भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटायचा, म्हणून भाकर वरणात कुस्करून खाल्ली. काहींच्या छातीत जास्त दुखतं आणि क्वचित ती एन्डोस्कोपीने काढावी लागते. कधी ती लवकर सुटते आणि नोंद अर्धवट राहते. एरवी काही दिवसांत आपोआप सुटून शौचावाटे जाते, आपल्याला कळतही नाही. कॅप्सूल बसवल्यापासून महिनाभर एमआरआय करता येत नाही. पेसमेकर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, निकेलची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगा. कॅप्सूल एकदाच वापरायची असते, त्यामुळे खर्चही नळीपेक्षा जास्त येतो.

आणि एक काम नळीच करू शकते. इम्पिडन्सची सोय असलेली नळी आम्ल नसलेलं पाणी आणि वायू वर येतो तोही पकडते. कॅप्सूलला फक्त आम्ल कळतं. आजार आधीच सिद्ध आहे आणि गोळी चालू असूनही त्रास थांबत नाही, किंवा सारख्या ढेकरा हीच तक्रार आहे, अशा माणसाने नळीला नाही म्हणू नये. घर नागपुरातच असेल तर माझी लॉजची अडचणही त्याला नाही.

बाकी शेतात राबणाऱ्या, दूरच्या गावच्या माणसाने पैशाची सोय होत असेल तर कॅप्सूलचा विचार करावा, असं मला वाटतं. रेकॉर्डर परत कसा पोचवायचा हे आधी ठरवा. आमचा पुतण्या हैदराबादला नोकरीला आहे, त्याच्या हाती गेला. निदानासाठी तपासणी असेल तर गोळी साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, तो आठवडा जड जातो. आणि तारीख मागताना उन्हाळ्यातली रिकामी घेऊ नका, वेचणी किंवा ओलित चालू असेल तेव्हाची घ्या.