गेमिंग लॅपटॉप की हलका लॅपटॉप? एकाच घरात दोन्ही वापरून, नागपूरच्या उन्हाळ्यासकट

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये आमच्या घरी दोन लॅपटॉप आले. माझा गेमिंगवाला: इंटेलचा १३ व्या पिढीतला एच मालिकेचा आय५ प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १५.६ इंची १४४ हर्ट्झचा डिस्प्ले. धाकट्या बहिणीचा हलका: एएमडीचा रायझन ५ ७५३०यू प्रोसेसर, तेवढीच रॅम, १४ इंची, वजन दीड किलोच्या आत. माझा पाऊण लाखाच्या पुढे गेला, तिचा पन्नास हजारांच्या आत बसला. मी इंटिरियरची कामं घेतो, ती सीएची आर्टिकलशिप करते. हिवाळा, उन्हाळा गेला, आता पावसाळाही उतरणीला लागला. या काळात दोन्ही मशीन मी भरपूर वापरल्या, कारण साइटवर जायचं असलं की मी हमखास तिचाच पळवतो. कंपन्यांची नावं लिहीत नाही. या दरात सगळ्यांचा माल उन्नीस-बीस असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गेमिंग लॅपटॉप घेताना तो टेबलावर राहणार आणि प्लगला लागलेलाच राहणार, असं धरून चाला. अधूनमधून गावी नेता येतो, हा वरचा फायदा. रोज बॅगेत घालून फिरायचं असेल तर तो घेऊ नका, कार्ड कितीही भारी असो.

वजनापासूनच बघा. माझी मशीन २.३ किलोची, त्यावर अडॅप्टर पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे तीन किलो, आणि त्यात डबा-पाण्याची बाटली आलेलीच नाही. बहिणीला ऑडिटसाठी कधी बुटीबोरी, कधी हिंगणा एमआयडीसी, कधी रामदासपेठेतल्या ऑफिसात असं फिरावं लागतं. एकदा तिच्या मशीनला अपडेट लागलं होतं म्हणून ती माझा घेऊन गेली. संध्याकाळी आल्या आल्या म्हणाली, "दादा, हे तू घे बाबा तुझं. मेट्रोत उभं राहून खांदा उतरला माझा." त्या दिवशी क्लायंटच्या अकाउंट्स खात्यात प्लग मिळवण्यासाठी तिला प्रिंटरची वायर काढावी लागली होती, ते वेगळंच.

बॅटरीचं गणित साधं आहे. माझ्या मशीनची बॅटरी ५७ वॉट-अवर. ब्राउझर, मेल, एक्सेल असं हलकं काम केलं तरी ती १४-१५ वॉट खाते, म्हणजे चार तासांच्या आत खेळ खलास. तिच्या मशीनची बॅटरी यापेक्षा लहान आहे, पण ती तेच काम सहा-सात वॉटमध्ये करते आणि सहा-सात तास सहज निघतात. जाहिरातीतले दहा-बारा तास विसरा, पण ऑफिसचा दिवस निघतो. शिवाय ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर, त्यावर फोनही चार्ज होतो. माझ्याकडे टाइप-सी पोर्ट आहे, पण त्यातून चार्जिंग होत नाही, तो फक्त डेटासाठी. काही गेमिंग मशीन १०० वॉटचं टाइप-सी चार्जिंग घेतात. हलक्या कामापुरता लहान चार्जर नेता येतो, मोठा घरी राहतो. घेण्याआधी स्पेसिफिकेशनमध्ये ही एक ओळ शोधाच.

आणि बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. चालणार तरी कसं? कार्ड आणि प्रोसेसर मिळून शंभर वॉटच्या वर ओढायला लागले तर ५७ वॉट-अवर अर्ध्या तासात संपेल. म्हणून मशीन स्वतःच दोघांचा लगाम खेचते. बेसातल्या एका फ्लॅटचं काम चालू होतं. किचनचा वॉकथ्रू (आत फिरून बघितल्यासारखं ३डी चित्र) दाखवायला मी माझा लॅपटॉप घेऊन गेलो, तर इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून ठेवलेला. बॅटरीवर एन्स्केप हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर सुरू केलं. ओट्यापासून युटिलिटीपर्यंत जाईस्तोवर चित्र तीनदा अटकलं. फ्लॅटवाल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "ट्रॉल्या बी अशाच अटकतील का जी?"

तेव्हापासून पद्धत बदलली. रात्री घरी माझ्या मशीनवर रेंडर (३डी मॉडेलवरून पक्कं चित्र बनवायचं काम) लावायचा, त्याचा व्हिडिओ आणि ३६० अंशांचे पॅनोरमा काढायचे आणि साइटवर बहिणीच्या लॅपटॉपवर दाखवायचे. तयार व्हिडिओ चालवायला कुठलंही कार्ड लागत नाही. पीओपीच्या धुळीत आणि टाइल कटरच्या भुकटीत महागडी मशीन उघडावी लागत नाही, हा फायदा निराळा.

आता उन्हाळा. हा भाग पुण्या-मुंबईच्या लोकांनी सोडून दिला तरी चालेल.

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मागच्या पानावर वापराचं तापमान दिलेलं असतं, बहुतेकांचं ३५ अंशांपर्यंत. म्हणजे आजूबाजूच्या हवेचं, मशीनच्या आतलं नव्हे. मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये कूलर फुल चालू असताना दुपारी ३३-३४ असतं. कूलर बंद केला तर बोलायलाच नको. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, आठवत असेल. त्या सेन्सरचं थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यावर चिपने वेग उतरवणं) झालं असावं, असं आमचे पोट्टे म्हणत होते.

थट्टा सोडा, माझ्या मशीनचं खरंच तेच होतं. फॅन बाहेरचीच हवा आत ओढतो. ती हवाच तापलेली असेल तर चिपची उष्णता जाणार कुठे? दुपारी रेंडर लावला की प्रोसेसर पाहता पाहता ९५ च्या घरात जातो, मग स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. जानेवारीत जे दृश्य साधारण २० मिनिटांत व्हायचं, त्याला मेच्या दुपारी २५ च्या आसपास लागायची. कीबोर्डचा मधला भाग इतका तापतो की बोटं ठेवणं नको वाटतं. फॅनचा आवाज तर विचारू नका. एका व्हिडिओ कॉलवर क्लायंटने विचारलं होतं, मागे मिक्सर लागलाय का म्हणून.

यावर जे उपाय लागू पडले ते असे. जड रेंडर रात्री अकरानंतर लावायचे. मशीनची मागची बाजू दीड-दोन इंच उचलून ठेवायची. त्यासाठी महागडा कूलिंग पॅड लागत नाही, दोन जुनी झाकणं पुरतात. आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करायची. दिसायला एक टक्का आहे, पण त्याने टर्बो बूस्ट (गरजेला आपोआप वेग वाढवणं) बंद पडतो आणि प्रोसेसर दहा-पंधरा अंशांनी खाली येतो. रेंडर कार्डावर चालत असेल तर वेगात फारसा फरक जाणवत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका: कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवणं. गार हवा मिळते म्हणून बरेच जण ठेवतात. त्या झोतात बारीक थेंब असतात, आणि बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर धरतो तोच हळूहळू फॅनच्या पात्यांवरही येऊ शकतो. मी टेबल झोताच्या बाजूला सरकवलं आहे. उन्हाळा संपला की फॅन उघडून साफ करून घ्यायचा. बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) हे काम करणारी दुकानं पुष्कळ आहेत, फक्त वॉरंटीत असाल तर आधी विचारून घ्या.

बहिणीच्या मशीनला यातलं काहीच लागलं नाही. तिची चिप मुळात १५ वॉटची. मेमध्ये थोडी कोमट व्हायची, बस. वादळात लाइन गेली तरी तिचा लॅपटॉप इन्व्हर्टरवर कळतही नाही. माझा रेंडरच्या वेळी दीडशे वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे दोन साध्या सीलिंग फॅनइतकं. लाइन गेली की आई आधी माझ्या खोलीत येऊन बघते.

इतकं सगळं असून मी माझी मशीन विकणार आहे का? अजिबात नाही. एन्स्केप, डी५ ही सॉफ्टवेअर स्वतंत्र कार्डाशिवाय नीट चालत नाहीत, आणि माझं पोट त्यावर आहे. ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये तोच सीन तिच्या प्रोसेसरवर एकदा लावून बघितला. जेवून, शतपावली करून आलो तरी पट्टी निम्म्यावर आली नव्हती. मात्र ऑटोकॅडमध्ये नुसता प्लॅन काढायचा असेल तर दोन्हीत तसूभर फरक नाही. २डी ड्रॉइंगचं बहुतेक काम एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (काम करणाऱ्या एका भागावर) चालतं, कार्ड रिकामंच बसलेलं असतं. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल यांचंही तेच. पोर्टल अडकतं ते तिकडच्या बाजूने, त्याला आरटीएक्स काय करणार.

खेळांबद्दल थोडक्यात. मावसभाऊ आले की माझ्याच खोलीत तळ ठोकतात. नवे जड खेळ १०८० पी वर मध्यम-उंच सेटिंगला छान चालतात, कार्डाची स्वतःची ६ जीबी मेमरी (व्हीरॅम) मात्र काही खेळांत अपुरी पडते. पण व्हॅलोरंटच खेळायचं असेल तर तो बहिणीच्या मशीनवरही सेटिंग कमी करून चांगला चालतो.

दुकानात फसायच्या दोन जागा सांगतो. गेमिंगमध्ये नुसतं ४०५० लिहिलेलं बघून भुलू नका, कार्डाला किती वॉट मिळतात ते विचारा. हेच कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या मशीनमध्ये येतं आणि नाव एकच राहतं. हलक्यामध्ये रायझन ७००० मालिकेतला तिसरा आकडा बघा. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३ (चिपची आतली रचना), सहा कोअर. ७५२०यू मधला २ म्हणजे त्याआधीची झेन २, चारच कोअर, आणि त्याची रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीचा ७५२०यू घेतला की कायमचा ८ जीबीचा. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवलेले असतात, किमतीत थोडाच फरक, आणि विक्रेता दोन्हीला "नवा रायझन ५ आहे" म्हणूनच दाखवतो.

डिस्प्लेच्या बाबतीत दोघांचीही बोंब आहे. दोन्ही पॅनल ४५ टक्के एनटीएससीवाले (स्क्रीन किती रंग दाखवते याचं माप), रंग फिके. मोरपंखी लॅमिनेट स्क्रीनवर राखाडीकडे झुकतं. मी घरी वेगळा मॉनिटर जोडला आहे आणि शेड कार्ड नेहमी बॅगेत ठेवतो. रंगाशी संबंधित काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी (रंगांचंच दुसरं माप) लिहिलेलं मॉडेलच बघा, त्यासाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.

सर्व्हिसचा अनुभव मिश्र. माझा एक फॅन खरखरायला लागला, घरी येऊन बदलून देणारी वॉरंटी होती म्हणून माणूस आला, पण पार्ट बाहेरून यायचा होता आणि तोवर एक डिलिव्हरी लांबली. गेमिंग मशीनला घरपोच वॉरंटीचे जास्तीचे पैसे भरा. हलक्याला नाही भरले तरी चालण्यासारखं आहे.

सध्या आत्याच्या मुलाला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर सायन्स मिळालंय आणि त्याला माझ्यासारखाच हवा आहे. मी त्याला १६ जीबीचा हलका घे म्हणतोय. पहिली दोन वर्षं सी, पायथन, डेटाबेस यांनाच जातात, त्याला कार्ड लागत नाही. मशीन लर्निंगचं जड काम आलंच तर गूगल कोलॅबवर इंटरनेटवरून जीपीयू (ग्राफिक्स चिप) फुकट मिळतो, मर्यादा असली तरी शिकण्यापुरता पुरतो. उरलेल्या पैशांत बाहेरचा मॉनिटर येईल आणि तरी काही हातात राहतील. आत्याला पटलंय. पोट्टं मात्र रंगीत दिव्यांच्या कीबोर्डवर अडून बसलंय. शनिवारी बर्डीला जायचं ठरलंय. तिथे त्याला तीन किलोची बॅग अडकवून झाशी राणी चौकातून मुंजे चौकापर्यंत चालवणार आहे.