रायफलसाठी सेकंडहँड साइट घेताय? आधी हे वाचा

टेक्सासात राहणाऱ्या, रायफल असलेल्या किंवा नव्याने घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे सविस्तर लिहितोय. साइट म्हणजे रायफलवर बसवायचं नेम धरण्याचं साधन. ऑनलाइन जाहिरात पाहून मी ‘एकदाच वापरलेली’ म्हणून ईओटेक कंपनीची एक्सपीएस-२ ही होलोग्राफिक साइट घेतली, म्हणजे जिच्या काचेत नेमासाठी प्रकाशाचं वर्तुळ आणि ठिपका दिसतो अशी. आली ती नकली. नुसत्या नावाची नक्कल असती तर एवढं लिहायला बसलो नसतो. ही साइट रायफलवर व्यवस्थित बसते, पेटते, सुरुवातीला नेमही धरते आणि मग सरकायला लागते. रायफल खरी आहे, ५.५६ मिमी काडतुसाची एआर-१५. तिच्यातून सुटलेली गोळी कुठे जाणार याची खात्री नसणं ही थट्टेची गोष्ट नाही.

मित्राच्या शेतावर रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. मका पेरला की रातोरात ओळीच्या ओळी उकरून बी फस्त करतात. कोकणातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जमीनमालकाची परवानगी असेल तर टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर रानडुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचं लायसन्सही लागत नाही. पण नेम चुकून जखमी झालेलं जनावर झुडपात शिरून तडफडत मरतं, ते मला सहन होत नाही. त्यासाठीच भरवशाची साइट हवी होती.

नवी साधारण सहाशे डॉलरच्या आसपास जाते. हा माणूस साडेतीनशेला देत होता आणि कारणही पटण्यासारखं होतं: रायफल विकली, साइट उरली. फोटोत डबा, माहितीपत्रक, सीरियल नंबर, सगळं होतं. पैसे मात्र ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ म्हणूनच पाठवा, फी वाचते, हा त्याचा हेका. सगळी मेख तिथे आहे. तसे पाठवलेले पैसे पेमेंट ॲपच्या लेखी ओळखीच्या माणसाला दिलेले असतात, खरेदीदाराला मिळणारं संरक्षण त्यांना लागूच होत नाही. विकणारा या एका गोष्टीवर अडून बसला, तर सौदा तिथेच सोडा.

साइट बसवताना मी नेहमीचा क्रम पाळला. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. साइट अप्पर रिसीव्हरच्या (रायफलच्या वरच्या मुख्य भागाच्या) खाचांच्या पट्टीवर, म्हणजे रेलवर घेतली, हँडगार्डवर (नळीभोवतीच्या आवरणावर) नाही. साइटखालचा लग (आडवा उंचवटा) रेलच्या खाचेत बसवून साइट नळीच्या दिशेने पुढे रेटली आणि मगच बोल्ट आवळला. शेवटी पेंट पेनने बोल्टवरून बेसपर्यंत एक बारीक पांढरी रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तर ही रेघ तुटते. विकणाऱ्याशी वाद घालताना ती रेघ फार कामाला आली.

रेंजवर आधी २५ यार्डांवर गोळ्या कागदावर आणल्या, मग ५० यार्डांवर सँडबॅगवर रायफल टेकवून झिरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवायला घेतलं. नेम सरकवणाऱ्या स्क्रूची एक क्लिक या साइटवर अर्ध्या एमओएची (एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे ५० यार्डांवर साधारण पाव इंच. पहिला ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, चांगला पडला, फक्त डावीकडे. आठ क्लिक उजवीकडे दिल्या. दोन इंच सरकायला हवं होतं. ढिम्म हललं नाही. पुढच्या गोळ्या झाडल्या तसा ग्रुप एकदम तीन-साडेतीन इंच उजवीकडे गेला. त्याच आठ क्लिक उलट फिरवल्या, तरी मूळ जागी काही आला नाही. मॅगझिन संपत आलं तसा तो खालीही घसरायला लागला.

पांढरी रेघ जिथल्या तिथे होती. साइट उतरवून रायफलच्या साध्या, बिनकाचेच्या लोखंडी साइट्स उभ्या केल्या. तीच काडतुसं, तेच बाकडं. भोकं एकमेकांना चिकटून पडली. शेजारच्या लेनमधल्या एका सज्जन माणसाने स्वतःची रेड डॉट (एलईडीचा लाल ठिपका दाखवणारी साधी साइट) बसवून बघायला दिली, तीही तसूभर हलली नाही. रायफल निर्दोष, बसवणं निर्दोष. साइट संशयास्पद वाटली तर हीच तपासणी आधी करा. नाहीतर माणूस बिचाऱ्या नळीला दोष देत काडतुसांचे डबे रिकामे करत बसतो.

विकणाऱ्याला टार्गेटचे आणि रेघेचे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘हा थर्मल ड्रिफ्ट आहे, ईओटेकमध्ये असतोच.’ आता यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच याचा मला सगळ्यात जास्त राग आला. तापमान बदलल्यावर नेम सरकतो हे सरकारपासून लपवल्याच्या आरोपावरून ईओटेकची तेव्हाची मालक कंपनी एल-३ हिने नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी २ कोटी ५६ लाख डॉलरची तडजोड केली होती. पण तो प्रकार थंडी-उन्हाच्या मोठ्या फरकाचा. एकाच सकाळी, एकाच बाकावर, क्लिक दिल्यावर न हलणं आणि मग उडी मारणं याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मी हे लिहून पाठवलं आणि त्याने मला ब्लॉक केलं.

मग घरी साइटच तपासली. खरी एक्सपीएस-२ वरच्या बाणाच्या बटणाने सुरू केली तर आठ तासांनी आणि खालच्या बाणाने सुरू केली तर चार तासांनी आपोआप बंद होते. ही रात्रभर टेबलावर पेटलेली राहिली. खऱ्या साइटमधलं वर्तुळ आणि ठिपका लेझर आणि होलोग्रामने तयार होतात. मधला ठिपका १ एमओएचा, आणि मागे मॅग्निफायर (मोठं दाखवणारं भिंग) लावला तरी तो बारीकच राहतो. यात तो फुगून वाटाण्याएवढा दिसला. बटण दाबल्यावर लाल वर्तुळ हिरवं झालं. ईओटेक लालही बनवते आणि हिरवीही, पण एकाच साइटमध्ये दोन्ही रंग नसतात. हातात घेऊन पुढच्या काचेतून पाहिलं, तर आत एलईडीचा कण चकाकत होता. म्हणजे पोटात साधी स्वस्त रेड डॉट. एअरसॉफ्टच्या (प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या) खेळण्यांसाठी अशा साइट्स उघडपणे विकल्या जातात, तिथे कुणाची तक्रार नाही. सीरियल नंबर कंपनीला पाठवला, तोही बनावट निघाला.

ॲपने हात वर केले. एफबीआयच्या आयसी-३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. ‘कुणाच्या तरी गळ्यात मार, निदान निम्मे सुटतील,’ असं एका परिचितांनी सुचवलं. नकली माल माहीत असताना विकणं हा इथे फेडरल गुन्हा आहे, आणि तो नसता तरी मी दुसऱ्या कुणाच्या रायफलवर हे चढू देणार नाही. पुरावा म्हणून ती माझ्याकडेच राहील.

तीच जाहिरात आता वेगळ्या नावाने पुन्हा लागली आहे. फोटो तेच आहेत, बहुधा कुणाच्या तरी खऱ्या साइटचे: तपकिरी लाकडी टेबल, उघडा डबा आणि बॅटरीच्या झाकणाशेजारी एक तिरपा ओरखडा. मला आलेल्या साइटवर तो ओरखडा नाही. हे फोटो दिसले तर पैसे पाठवू नका, जाहिरात रिपोर्ट करा आणि आयसी-३ वर तुमचीही तक्रार टाका.