जुन्या फोटोतलं विमान ओळखायला साधा फ्लॅटबेड स्कॅनर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

यूएसबीच्या एकाच वायरवर चालणारा, ए-फोर आकाराचा, सीआयएस सेन्सरचा (काचेला लागूनच सरकणाऱ्या पट्टीने वाचणारा) २४०० डीपीआय, म्हणजे इंचाला २४०० ठिपके टिपणारा, फ्लॅटबेड. ठाण्यातल्या नातेवाइकांच्या अल्बममधून निघणाऱ्या ‘आजोबा आणि विमान’ छापाच्या फोटोंसाठीच घेतलेला. पैसे वसूल आहेत, पण फोटो सपाट असेल तरच.

सीआयएसला काचेला टेकलेलं तेवढंच नीट दिसतं. कड दोन मिलिमीटर उचलली गेली की तिथली अक्षरं विरघळतात, आणि विमानाच्या शेपटीवरची नोंदणीची अक्षरं नेमकी कडेलाच असतात. झाकणाचं वजन पुरत नाही. फोटोमागे काळा कागद आणि वर जाड पुस्तक ठेवलं की काम होतं; काळ्या कागदामुळे पाठीवरची शाईही आरपार उमटत नाही. कडक होऊन गुंडाळलेला फोटो मात्र दाबू नये, इमल्शनला, म्हणजे चित्राच्या वरच्या थराला, तडे जातात. तो खिडकीजवळच्या तिरक्या उजेडात कॅमेऱ्यानेच टिपावा. काळ्या भागावर चांदीसारखी निळसर झाक चढली असेल तरी तेच करावं, कारण स्कॅनरचा दिवा त्या झाकेवरच चमकतो.

पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला ६०० डीपीआय भरपूर. आगफा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या सव्वादोन इंची कॉन्टॅक्ट प्रिंटला मात्र १२०० लावावं. २७०० बाय २७०० पिक्सेल, २४ बिटला साधारण २२ एमबीची टिफ फाइल होते. त्यापुढे वाढवून कागदाचा पोतच मोठा दिसतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटोही रंगीतच स्कॅन करायचा. पिवळट पडलेल्या प्रिंटच्या स्कॅनमधला निळा चॅनल, म्हणजे फक्त निळ्या रंगाचा थर, वेगळा काढला की पुसट अक्षरं बऱ्याचदा उठून येतात. ‘ऑटो करेक्शन’ बंद. आणि मोबाइलवरच्या फोटो सुधारणाऱ्या ॲपमध्ये नोंदणी वाचायला जाऊच नये: सी, जी, ओ आणि क्यू यांत पुसट दिसणारं अक्षर ते ॲप स्वतःच्या मनाने पक्कं करून देतं, आणि मग भलतंच विमान शोधण्यात रविवार जातो.

व्हीटी म्हणजे भारतीय नागरी विमान. पुढची तीन अक्षरं साधारण क्रमाने दिली गेली, त्यामुळे काळाचा अंदाज येतो. जेआरडी टाटांच्या १९३२ च्या टपाल उड्डाणातलं छोटं पस मॉथ विमान व्हीटी-एडीएन, १९४८ चं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान व्हीटी-सीक्यूपी, तर एअर इंडियाचं बोइंग ७०७ व्हीटी-डीजेजे १९६० च्या सुमाराचं. हा काळ नोंदणीचा, बांधणीचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात बनलेल्या कितीतरी डाकोटा विमानांना व्हीटी युद्धानंतर मिळालं.

अक्षरं हाती लागली नाहीत तर इंजिनं, चाकं, खिडक्या. शेपटीखाली चाक, नाक वर, दोन गोल इंजिनं, पंखाची पुढची कड मागे वळलेली आणि मागची जवळपास सरळ: डाकोटा. कुटुंबाचे फोटो याच विमानाच्या दारात सापडतात. पाठीमागे डाव्या बाजूला रुंद, दुपाखी, माल चढवायच्या दाराची चौकट दिसली तर ते मूळचं सी-४७, म्हणजे डाकोटाचाच लष्करी प्रकार. तेच दार उजवीकडे दिसलं तर आधी निगेटिव्ह उलटी छापली गेली का ते बघा. पुरुषांच्या शर्टाचा खिसा त्यांच्या उजव्या छातीवर आला असेल तर शंका नको.

बारीक लांबट चार इंजिनं आणि मोठ्या लंबगोल खिडक्या म्हणजे व्हायकाउंट, इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ पासून. दोन इंजिनं आणि पंख छतावर असेल तर फोकर फ्रेंडशिप; पंख खाली आणि इंजिनं त्यावर बसवलेली असतील तर ॲव्हरो ७४८. कॉन्स्टेलेशन तीन शेपटांमुळे लगेच कळतं; गोल खिडक्या जुन्या मॉडेलला, चौकोनी सुपर कॉन्स्टेलेशनला. जुहूच्या फ्लाइंग क्लबातल्या दुपंखी विमानात इंजिनाचे सिलिंडर वर डोकावत असतील तर जिप्सी मॉथ. टायगर मॉथचं इंजिन उलटं बसवलेलं, त्यामुळे त्याचं नाक वरून साफ दिसतं आणि पंख किंचित मागे झुकलेले असतात.

हवाई दलाच्या विमानांवर रंगवलेल्या गोल खुणांत फिल्म फसवते. लाल उजेड न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल काळपट आणि निळा फिका उतरतो. त्यामुळे ब्रिटिश वर्तुळाची बाहेरची निळी कडी आकाशाइतकी पांढुरकी दिसते आणि मधला लाल ठिपका तेवढा उरतो. नुसत्या ठिपक्यावरून जपानी विमान ठरवणारे कमी नाहीत. मधला ठिपकाच फिका असेल तर युद्धकाळातलं, लाल रंग काढून टाकलेलं दोन निळ्यांचं वर्तुळ असू शकतं. जपानी खुणेशी गल्लत नको म्हणूनच तो लाल काढला होता.

आता यंत्राची कुरकुर. घोडबंदर रोडची धूळ काचेवर बसतेच. मायक्रोफायबरने कोरडं पुसायचं, द्रव थेट काचेवर फवारायचा नाही. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूने वाफ धरली, तीही खाडीकडच्या खिडकीशेजारी ठेवल्यावर. झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यावर गेली. अल्बमच्या चिकट पानांवरचे फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा धागा मागून सरकवत सोडवायचे. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर काचेसकटच कॅमेऱ्याने टिपा; काचेच्या जाडीमुळे या स्कॅनरवर तो अस्पष्ट येतो.

घरात निगेटिव्ह शिल्लक असतील तर हा घेऊ नका. याच्या झाकणात दिवा नाही, त्यामुळे फिल्म स्कॅन होत नाही. आणि निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा तपशील कितीतरी जास्त असतो.