मोफत शार्पनिंग स्क्रिप्ट्स: कित्येक महिने वापरल्यानंतर

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जपलेली मूळ नोंद) उघडल्यावर समोर येणारा फोटो थोडा सॉफ्टच, म्हणजे धार नसलेला, दिसतो. त्यात लेन्सचा किंवा हाताचा दोष असेलच असं नाही. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजता येतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरायचे, आणि त्या अंदाजात बारीक तपशील पसरतो. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत मॉयरे (बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे) टाळायला सेन्सरपुढे एक फिल्टर असतो, तो तर मुद्दामच किंचित धूसर करतो. त्यामुळे डिजिटल फोटोला शार्पनिंग, म्हणजे कडांना धार देणं, लागतंच. ते किती करायचं आणि नेमकं कुठे करायचं, यात खरी गंमत आहे.

गेले कित्येक महिने मी हे काम गिंप हे फोटो सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर आणि त्यासाठी मोफत मिळणाऱ्या स्क्रिप्ट्स (अनेक टप्पे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्राम फाइल) यांवर करते आहे. जोडीला जी-मिक हे गिंपला जोडायचं प्लगइन आणि रॉ फाइलसाठी रॉथेरपी हे सॉफ्टवेअर. निसर्गचित्रं, पक्षी, माणसांचे चेहरे, थोडेफार प्रिंट असं सगळं यातून गेलं. माझं मत आधीच सांगून टाकते: कडांचा मास्क (शार्पनिंग कुठे लागावं ते ठरवणारं काळं-पांढरं झाकण) बनवून देणाऱ्या स्क्रिप्टसाठी एवढी सगळी खटपट करणं वसूल होतं. बाकीच्या बऱ्याच स्क्रिप्ट्स नसल्या तरी काही अडत नाही.

अनशार्प मास्क ही शार्पनिंगची नेहमीची पद्धत गिंपमध्ये मुळातच आहे, त्याला स्क्रिप्ट लागत नाही. ही युक्ती डार्करूममधली. निगेटिव्हची एक धूसर पॉझिटिव्ह प्रत काढायची, ती मूळ निगेटिव्हला चिकटवायची आणि त्या जोडीतून प्रिंट काढायचा. डिजिटलमध्येही तेच: फोटोची धूसर प्रत बनते, मूळ फोटोतून ती वजा होते, आणि उरलेला फरक मूळ फोटोत परत मिळवला जातो. रेडियस म्हणजे प्रत किती धूसर, अमाउंट म्हणजे फरक किती पट मिळवायचा, थ्रेशोल्ड म्हणजे किती लहान फरक सोडून द्यायचा. दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या धड्यांत अमाउंट टक्क्यांत असते. गिंपमध्ये १.० म्हणजे १०० टक्के, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

पण अनशार्प मास्कला आकाश आणि पान यातला फरक कळत नाही. पानाच्या शिरा उठाव्यात म्हणून अमाउंट वाढवावी तर आकाशातला नॉइजही (फोटोतले नको असलेले दाणे) तितक्याच उत्साहाने उठतो. थ्रेशोल्ड वाढवून पाहा, आकाश वाचतं, पण मग पानावरचा हलका पोत कुठे शार्प, कुठे सॉफ्ट असा तुकड्यातुकड्यांत दिसायला लागतो. चेहऱ्यावर तर हे फारच वाईट दिसतं, गालाचा एक भाग रवाळ आणि शेजारचा गुळगुळीत.

इथे मास्कवाली स्क्रिप्ट कामाला येते. ती काय करते ते हातानेही करता येईल, पण रोज कोण करणार! फोटोची प्रत काढते, तिच्यातून उजेडाची वाहिनी (रंग सोडून फक्त उजेड-अंधार) वेगळी करते, त्या वाहिनीवर कडा शोधणारा फिल्टर चालवते, लेव्हल्स या उजेड-अंधार बदलणाऱ्या साधनाने त्या कडा पांढऱ्या आणि बाकी सगळं काळं करते, मग मास्क थोडा ब्लर करते म्हणजे शार्प आणि सॉफ्ट यांचा जोड दिसत नाही. शेवटी या मास्कमधूनच शार्पनिंग होतं. चांगली स्क्रिप्ट फोटो लॅब पद्धतीने (उजेड वेगळा, रंग वेगळे) सुटा करून ते फक्त एल, म्हणजे उजेडाच्या, वाहिनीवर करते. रंगाच्या वाहिन्यांना हात लागत नाही, म्हणून फांद्या आणि आकाश यांच्या सीमेवर जांभळ्या-हिरव्या रेघा उमटत नाहीत. पापण्या, भुवया, ओठांची कड, केसांच्या बटा धारदार होतात आणि गाल जसा होता तसा राहतो. पोर्ट्रेटसाठी मला याहून भरवशाचं काही मिळालेलं नाही.

या स्क्रिप्ट्सची एक गोष्ट मला मनापासून आवडते: त्या उघडून वाचता येतात. गिंपच्या स्क्रिप्ट-फू स्क्रिप्ट्स स्कीम भाषेत असतात, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये दिसतात. कंसांची गर्दी पाहून घाबरायचं कारण नाही. शेवटी जिथे नोंदणीचा भाग असतो तिथे प्रत्येक स्लायडरची एक ओळ असते, आणि त्या ओळीतल्या यादीतला पहिला आकडा म्हणजे सुरुवातीची किंमत. मी पोर्ट्रेटसाठी आणि निसर्गचित्रांसाठी एकाच स्क्रिप्टच्या दोन प्रती वेगळ्या नावांनी ठेवल्या आहेत, दोन्हींत माझ्या आवडीच्या किमती भरून. प्रत बनवताना फाइलचं नाव बदलून भागत नाही, आतलं प्रोसिजरचं नाव (गिंप ज्या नावाने स्क्रिप्ट ओळखतं ते) आणि मेनूतलं नावही बदलावं लागतं, नाहीतर एक प्रत दुसरीवर बसते. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीसेट करता येतात हे खरं, पण आत काय चाललंय हे पाहता येत नाही. मला ते पाहता येणं फार मोलाचं वाटतं, कारण कुठला टप्पा फोटो बिघडवतोय हे नेमकं सापडतं.

हेलो हा शार्पनिंगचा जुना आजार. गडद डोंगर आणि उजळ आकाश यांच्यामध्ये एक पांढरी रेघ उमटते, पेन्सिलच्या चित्राची कड कुणी खडूने गिरवल्यासारखी. आपल्या डोळ्याला कडेच्या उजळ बाजूची रेघ पटकन दिसते, गडद बाजूची सहसा खुपत नाही. काही स्क्रिप्ट्स याचा फायदा घेतात. शार्प केलेल्या लेयरच्या (फोटोवरच्या थराच्या) दोन प्रती करतात, एक फक्त गडद करणाऱ्या 'डार्कन ओन्ली' मोडमध्ये आणि दुसरी फक्त उजळ करणाऱ्या 'लाइटन ओन्ली'मध्ये. मग लाइटनवालीची ओपॅसिटी (तो थर किती उठून दिसावा) निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणायची. गडद बाजू जोर देते, उजळ बाजू गप्प बसते. डोंगर, इमारती, पानगळ झालेली झाडं अशा फोटोंना मी आता दुसरं काही वापरत नाही. दोन लेयर वेगळे मिळत असल्यामुळे दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहून ओपॅसिटी बदलताही येते.

हाय-पासच्या (फक्त बारीक तपशील वेगळा काढण्याच्या) स्क्रिप्ट्स पुष्कळ आहेत, पण गिंप २.१०पासून हाय-पास फिल्टर थेट एन्हान्सच्या मेनूत आहे. लेयरची प्रत, फिल्टर, मोड ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट, संपलं. यासाठी वेगळी स्क्रिप्ट उतरवण्यात अर्थ नाही. वेव्हलेट डिकंपोजही तिथेच आहे. ते फोटोला तपशिलाच्या आकाराप्रमाणे थरांत सुटं करतं: पहिल्या थरात अगदी बारीक पोत (आणि नॉइजही), पुढच्या थरांत क्रमाने मोठे आकार. दुसऱ्या थराची एक प्रत केली की मधल्या आकाराचा तपशील उठतो आणि नॉइज खालीच राहतो. दगड, झाडाची साल, कापडाचं विणकाम यांना हे छान लागू पडतं. मोठ्या फाइलवर मात्र मेमरी भरपूर खातं.

जी-मिकबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. फ्रान्समधल्या काँ शहरातल्या ग्रेक या संशोधन संस्थेत ते २००८पासून तयार होतंय आणि त्यात शेकडो फिल्टर आहेत. त्यातला रिचर्डसन-लूसी हा माझ्या कामाचा. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ साली आणि लिऑन लूसी यांनी १९७४ साली वेगवेगळी मांडलेली ही पद्धत. हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात गेली तेव्हा तिच्या मुख्य आरशाचा आकार चुकलेला होता आणि तारे पसरट दिसत होते. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती करेपर्यंत खगोलशास्त्रज्ञांनी त्या प्रतिमा सुधारायला जी गणितं वापरली त्यांत हेही होतं. अनशार्प मास्क कडेचा कॉन्ट्रास्ट वाढवून धारेचा भास करतो. ही पद्धत मात्र प्रकाश कसा पसरला असेल याचा अंदाज धरून तो पसारा टप्प्याटप्प्याने उलटवते. म्हणून एफ-१६ किंवा एफ-२२ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, काढलेल्या फोटोंत विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) आलेला सॉफ्टपणा यातून बराच सावरतो. सिग्मा (पसारा किती रुंद धरायचा) १च्या आसपास, आवर्तनं ८-१०, एवढ्यावर मी थांबते. तीसपर्यंत नेलं की कडांभोवती पाण्यावरच्या तरंगांसारखी वलयं दिसतात. फोकसच चुकलेला किंवा हात हललेला फोटो यातून नीट होईल ही आशा ठेवू नका.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रॉथेरपीच्या ५.८ आवृत्तीत, म्हणजे २०२०पासून, कॅप्चर शार्पनिंग आलं. तेही डिकन्व्होल्यूशनच, म्हणजे रिचर्डसन-लूसीसारखं पसारा उलटवण्याचं काम, करतं, रेडियस रॉ फाइलवरून स्वतः काढतं, आणि सपाट भाग वगळायचा मास्क त्यातच आहे. सुरुवातीचा सॉफ्टपणा घालवायला मी आता तेच वापरते. गिंपमधल्या स्क्रिप्ट्सकडे मी नंतर वळते, चेहरा किंवा पक्ष्याचा डोळा उठवायला आणि अखेरच्या आकाराला साजेसं शार्पनिंग करायला. रॉ काढणाऱ्याने आधी हे करून पाहावं, निम्म्या स्क्रिप्ट्सची गरजच उरत नाही. जेपेगमध्ये काढणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. कॅमेऱ्याने आत आधीच शार्पनिंग केलेलं असतं, आणि जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जात असल्यामुळे जास्त धार दिली की त्या चौकोनांच्या सीमा वर येतात.

पक्ष्यांच्या फोटोंनी या स्क्रिप्ट्सची खरी परीक्षा घेतली. पहाटेचा उजेड, आयएसओ ३२०० (सेन्सरची संवेदनशीलता बरीच वाढवलेली, म्हणून नॉइजही जास्त), मागे धूसर हिरवळ. कडा शोधणाऱ्या फिल्टरला नॉइजचे कणही कडाच वाटतात, आणि मास्क सगळा ठिपक्याठिपक्यांचा होतो. ज्या स्क्रिप्टमध्ये कडा शोधण्याआधी ब्लर करायची सोय आहे तीच इथे टिकते. त्या ब्लरला २ ते ३ पिक्सेल दिले की पिसांच्या कडा मास्कमध्ये येतात, हिरवळ येत नाही. नॉइज आधी कमी करायचा, शार्पनिंग नंतर, हा क्रम मी कधीच मोडत नाही.

आता तक्रार. स्क्रिप्ट बसवणं सोपं आहे: प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर्सखाली स्क्रिप्ट्सचा पत्ता दिसतो, तिथे .एससीएम फाइल टाकायची आणि मेनूतून रिफ्रेश स्क्रिप्ट्स करायचं. त्रास आवृत्त्यांचा आहे. मार्च २०२५मध्ये गिंप ३.० आलं आणि जुन्या स्क्रिप्ट्सपैकी बऱ्याच जशाच्या तशा चालेनाशा झाल्या, कारण त्या ज्या आज्ञा देतात त्यांची नावं किंवा रचना बदलली. पायथनमध्ये लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट्स पायथन २च्या, नवं गिंप पायथन ३ मागतं. शिवाय प्रत्येक पायथन प्लगइन आता त्याच नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावं लागतं, नाहीतर ते मेनूत दिसतच नाही. दुसरीकडे ३.०मध्ये फिल्टर लेयरवर न मिसळता ठेवता येतात, म्हणजे अनशार्प मास्कची अमाउंट नंतरही बदलता येते. हे इतकं सोयीचं आहे की मी साधी कामं नव्यात करते आणि मास्कवाल्या स्क्रिप्ट्ससाठी २.१० ठेवलं आहे.

वेगाबद्दलही बोलते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोवर मास्कची स्क्रिप्ट चालताना थांबावं लागतं, आणि बहुतेक स्क्रिप्ट्सना प्रीव्ह्यू नाही. किमती भरा, चालवा, पाहा, अनडू करा. मी फोटोतला महत्त्वाचा तुकडा कापून त्यावर किमती ठरवते आणि मग त्याच पूर्ण फोटोला देते.

आकार कमी केल्यावर लागणारं शार्पनिंग सगळ्यांत हलकं. २०४८ पिक्सेल रुंदीला आणल्यावर रेडियस ०.३ ते ०.५, अमाउंट ०.५च्या आसपास, मास्कशिवाय. आकार कमी करताना इंटरपोलेशनच्या (नवे पिक्सेल काढण्याच्या) पद्धतींतून 'नोहेलो' निवडलं तर कडा स्वच्छ येतात. तपासायचं १०० टक्के झूमवर, कारण तेव्हाच फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसतो. प्रिंटसाठी उलट: मॅट कागदात शाई पसरते, त्यामुळे पडद्यावर थोडं जास्त वाटेल इतकी धार ठेवावी लागते. ३०० पीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) फाइलला मी ५० टक्के झूमवर पाहून ठरवते, आणि पहिल्यांदा छोट्या पट्टीचाच प्रिंट काढते.

सध्या माझ्या फोल्डरमध्ये मास्कवाल्या स्क्रिप्टच्या दोन प्रती आणि डार्कन-लाइटनवाली एक, एवढंच आहे. हाय-पासच्या सगळ्या काढून टाकल्या. मास्कवाल्या स्क्रिप्टला शेवटी मास्क पुसून न टाकता लेयरवरच ठेवायचा पर्याय असता तर फार बरं झालं असतं. स्क्रिप्टच्या अखेरीस मर्ज करणारी एक ओळ असते, तिच्या आधी अर्धविराम चिन्ह टाकलं की ती चालत नाही आणि मास्क हाती राहतो. मग मऊ ब्रशने पापण्यांपुरतं पांढरं, नाकाच्या टोकावर काळं, असं हाताने सुधारता येतं.