डीएस-१, रॅट की ट्यूब स्क्रीमर? आणि त्यामागे कोणता डिले?

खिशाला गिटारची दोनच पेडलं (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्या) परवडणार आहेत, एक डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज खरखरीत, फाटका करणारं, आणि एक डिलेचं, म्हणजे वाजवलेला सूर प्रतिध्वनीसारखा पुन्हा ऐकवणारं. अशा वेळी बहुतेक जण दोन्हींची चौकशी वेगवेगळी करतात, वेगवेगळे डेमो बघतात, आणि घरी आणून एकामागे एक जोडली की सगळं गिचमिड ऐकू येतं. माझ्या मते आधी ठरवायचं ते वेगळंच आहे: तुमचं डिस्टॉर्शन पेडलमध्ये तयार होणार की अँपमध्ये (गिटारच्या अॅम्प्लिफायरमध्ये)? एवढं नक्की झालं की डिलेचा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो.

डिस्टॉर्शनसाठी तीन उमेदवार घेतो. तिन्ही जुने, आजही नवे मिळणारे आणि स्वभावाने एकमेकांपासून लांब.

बॉसचं नारिंगी डीएस-१ १९७८ सालचं. ते निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने वापरलं आणि गिटारवादक जो सॅट्रियानीनेही. या दोघांच्या आवाजात काडीचं साम्य नाही, त्यामुळे ‘अमुक कलाकाराचं पेडल’ या हिशोबाने काही विकत घेऊ नये. हे पेडल सिग्नल खूप वाढवतं आणि डायोड लावून त्याची वरची-खालची टोकं सपाट छाटतं. खरी गोम टोनच्या नॉबमध्ये आहे. तो मधोमध ठेवला की साधारण ५०० हर्ट्झच्या आसपासचे मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) खाली बसतात. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज भरदार वाटतो, कारण खाली बास आहे आणि वर धार आहे. पण बँडमध्ये बास गिटारने खालची जागा घेतली आणि झांजांनी वरची, की तुमची गिटार गायब. गिटार कानाला ओळखू येते ती मिड्समुळेच. म्हणून डीएस-१ घेतलंत तर टोन (नॉबला घड्याळाचा तासकाटा मानून) नऊ-दहा वाजताच्या जागी ठेवा, डिस्टॉर्शन निम्म्याच्या खाली, आणि अँपवरचा मिडचा नॉब न लाजता वाढवा. एवढं केलं की स्वस्तातलं हे पेडल बरंच पुढे जातं.

प्रोको रॅट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलमझूचं. तिथेही डायोड टोकं छाटतात, पण जुन्या रॅटमधली एलएम३०८ ही चिप संथ होती. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की वरच्या फ्रिक्वेन्सी तिला झेपत नसत आणि आवाजाची काच गळून जाई. आताच्या रॅटमध्ये ती चिप नसते. यावर गिटारवाले तासन्‌तास भांडू शकतात. जुन्या चिपसाठी दुप्पट पैसे मोजावेत इतका फरक मला तरी ऐकू येत नाही. रॅटचा फिल्टर उलटा चालतो हे मात्र लक्षात ठेवा: उजवीकडे फिरवला की आवाज गडद होतो. दुकानात सवयीने तो उजवीकडे फिरवून ‘फारच दबलेलं पेडल आहे’ म्हणून परत ठेवणारे बरेच असतात. गेन नऊ वाजता ठेवला तर हलकी गुरगुर, बाराला जाडजूड रिदम (साथीचं वादन), त्यापुढे थेट फझच्या, म्हणजे पार फाटलेल्या घरघरीच्या, हद्दीत. तिघांत सर्वांत मोठा पल्ला याचा.

हिरवं ट्यूब स्क्रीमर मॅक्सॉन या जपानी कंपनीने आयबानेझसाठी बनवलं. टीएस९ आलं १९८२ मध्ये. इथे छाटणी हलक्या हाताची असते. बास आधीच कापला जातो, ७२० हर्ट्झच्या जवळपास मिड्स उठून येतात, आणि मूळ स्वच्छ सिग्नलही त्यात थोडा मिसळलेला राहतो. घरातल्या छोट्या सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) अँपवर स्वच्छ चॅनेलला लावलं तर आवाज नाकात बोलल्यासारखा येतो आणि नवखा माणूस हिरमुसतो. यात पेडलचा दोष नाही. ते मुळात आधीच आवाज फाटायला लागलेल्या अँपला पुढे रेटण्यासाठी उत्तम आहे. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन हे पेडल मोठ्या आवाजात चढवलेल्या ट्यूब अँपना (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) लावायचा. ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल भरपूर, टोन मधोमध. मग हेच पेडल बँडमधून गिटार अलगद बाहेर काढतं.

आता डिलेकडे वळू, कारण गाडी इथेच अडते.

डिले डिस्टॉर्शनच्या नंतर हवा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. कारण सोपं आहे. डिस्टॉर्शन आवाजातला लहान-मोठा फरक मिटवतं. डिले आधी लावला तर विरत जाणारे रिपीट (डिलेतून परत येणारे सूर) पुन्हा मूळ सुराइतके मोठे होतात. शिवाय मागच्या कॉर्डचा (एकत्र वाजवलेल्या स्वरांचा) रिपीट आणि आत्ता वाजवलेली कॉर्ड एकत्र छाटली जातात, आणि त्या दोन्हींत नसलेले बेसूर स्वर तयार होतात. डिस्टॉर्शन पेडलमध्ये होत असेल तर उपाय सरळ: गिटार, डिस्टॉर्शन, डिले आणि स्वच्छ अँप. पण डिस्टॉर्शन अँपमध्येच होत असेल, ट्यूब स्क्रीमरवाल्यांचं बहुधा तसंच असतं, तर डिले अँपच्या इफेक्ट्स लूपमध्येच (अँपमधल्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायच्या जागेत) जायला हवा. छोट्या प्रॅक्टिस अँपला हा लूप सहसा नसतो. तो नसेल आणि डिले तुमच्या वाजवण्याचा महत्त्वाचा भाग असेल, तर ट्यूब स्क्रीमर आणि फाटक्या आवाजाचा अँप ही जोडी सोडा. रॅट किंवा डीएस-१ घ्या आणि अँप स्वच्छ ठेवा. अँपच्या मागे लूपचे सेंड आणि रिटर्न हे दोन जॅक आहेत का, हे खरेदीला निघण्याआधी एकदा बघून घ्या.

डिलेमध्ये दोन घराणी आहेत, अॅनालॉग आणि डिजिटल. अॅनालॉगच्या चिपमध्ये सिग्नल हजारो टप्प्यांतून हातोहात पुढे सरकवला जातो, आणि या प्रवासात वरची धार झिजते. बॉसचं जुनं डीएम-२ कमाल ३०० मिलिसेकंदांपर्यंत जाई. एमएक्सआरचं कार्बन कॉपी ६०० पर्यंत जातं. डिजिटलमध्ये रिपीट मूळ सुरासारखाच स्वच्छ परत येतो. बॉसचं डीडी-३ १९८६ सालचं, कमाल ८०० मिलिसेकंदांचं. २०१९ मधल्या डीडी-८ वर टॅप टेम्पो (पायाने ठोका देऊन वेळ ठरवायची सोय) आहे आणि अॅनालॉगची नक्कल करणारा मोडही.

डिस्टॉर्शन लावलेल्या लीडसाठी (पुढे येऊन वाजवायच्या सुरावटीसाठी) मला अॅनालॉग जास्त पटतो. डिस्टॉर्शनने भरलेल्या सुराचे चकचकीत रिपीट मागून आले की पुढचा सूर आणि मागचा रिपीट एकाच जागेसाठी झगडतात. अॅनालॉगचे रिपीट काळपट असतात, ते सुराच्या मागे बसतात. मिक्स (रिपीटचं प्रमाण) थोडा जास्त झाला तरी लाज राहते. उलट रिदम तालाला बांधायचा असेल, रिपीटनाच पॅटर्नचा भाग करायचं असेल, तर डिजिटलला पर्याय नाही. तिथे रिपीटची सुरुवात टोकदार हवी आणि वेळ अचूक हवी.

ही वेळ काढायचा हिशोब छोटा आहे. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागा, की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला ५००. त्याचा पाऊण भाग, म्हणजे ३७५, हा तो ‘डॉटेड एट्थ’ डिले. साधी कॉर्ड तोडून वाजवली तरी घोडदौड ऐकू येते. लीडसाठी मी इतकं मोजत नाही. ३५० ते ४५० च्या मध्ये कुठेतरी, दोन-तीन रिपीट. मिक्स असा की वाजवत असताना डिले जाणवू नये आणि थांबलात की शेपूट ऐकू यावं. मात्र डिस्टॉर्शन जितकं जास्त, तितका मिक्स कमी.

विजेचं थोडक्यात. ही बहुतेक पेडलं नऊ व्होल्टवर, मधली पिन निगेटिव्ह अशा अॅडॉप्टरवर चालतात. तरी तळाचं लेबल वाचूनच लावा. एकाच अॅडॉप्टरला साखळीने डिजिटल डिले आणि जास्त गेनचं डिस्टॉर्शन जोडलं, तर कधी कधी बारीक शिट्टी ऐकू येते. ती गेली नाही तर वेगवेगळे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घ्यावा लागतो, आणि तो खर्च बजेटमध्ये आधीच धरलेला बरा.

तर, घरचा स्वच्छ सॉलिड स्टेट अँप, लूप नाही, रॉकचं लीड आवडतं: रॅट आणि कार्बन कॉपी. हात आखडता असेल तर रॅटच्या जागी डीएस-१. पैसे डिलेवर वाचवू नका. कॉलेजचा बँड, ठरलेल्या टेम्पोची गाणी, थोडं सगळंच वाजवायचंय: रॅट आणि डीडी-८. ट्यूब अँप आहे, त्याला लूप आहे, आणि तो जरा चढवून वाजवायची मुभाही आहे: ट्यूब स्क्रीमर, आणि लूपमध्ये यांपैकी कोणताही डिले. पण पेडल लाइन लेव्हलला चालतं का ते मॅन्युअलमध्ये पाहा, कारण काही अँपच्या लूपमधला सिग्नल गिटारपेक्षा बराच दांडगा असतो. फ्लॅटमध्ये राहून शेजाऱ्यांना न उठवता वाजवणाऱ्यांनी हा तिसरा पर्याय सोडून द्यावा.

दुकानात जाताना गिटार स्वतःची न्या आणि तुमच्या घरी आहे तशाच जातीचा अँप मागा. तिथल्या मोठ्या ट्यूब अँपवर काहीही लावलं तरी चांगलंच वाजतं. पेडल चालू आणि बंद असताना आवाज सारखा राहील इतकीच लेव्हल ठेवा, नाहीतर जे जोरात वाजेल तेच कानाला आवडेल. मग डिस्टॉर्शन आणि डिले, दोन्ही एकत्र चालू करून, तीन तारांची कॉर्ड वाजवून बघा. तिचे स्वर वेगवेगळे ओळखू येईनात तर गेन कमी करा, आणि तरीही येईनात तर दुसरी जोडी मागा.